चष्मा लावून डिजिटल नाइट व्हिजन स्कोप: आय रिलीफ बघायचा की डायॉप्टर?

रातवा (प्रश्न)

रायफलवर लावायला डिजिटल नाइट व्हिजन स्कोप (अंधारात सेन्सरने टिपलेलं दृश्य आतल्या छोट्या पडद्यावर दाखवणारी दुर्बीण) घ्यायचा आहे. सेन्सर, आयआर (डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाची) टॉर्च, रेंज यांवर भरपूर वाचून झालंय, त्यामुळे त्यावर सल्ला नको. अडलंय ते चष्म्यापाशी.

उजवा डोळा: स्फेरिकल (सगळ्या दिशांना सारखा नंबर) −४.२५, सिलिंडर (एकाच दिशेचा जास्तीचा नंबर) −१.२५, अक्ष (त्या सिलिंडरचा कोन) ९०. जवळचा ॲड (वाचण्यासाठीचा वाढीव नंबर) +१.७५, चष्मा प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर). नेम उजव्याच डोळ्याने. रायफल .३०८ काडतुसाची, वजनाला हलकी, म्हणजे धक्का चांगलाच.

प्रश्न असे:

१. डिस्प्ले तर डोळ्यापासून दोन-तीन इंचांवर असतो. मग तो जवळच्या नंबरातून बघायचा की लांबच्या?

२. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) ±५ डायॉप्टर, म्हणजे कडी फिरवून जुळवता येणाऱ्या नंबराची मर्यादा, लिहिलेलं असतं. माझा नंबर त्यात बसतो असं वाटतं. म्हणजे चष्मा काढून चालेल?

३. एका प्रकारात आय रिलीफ (पडदा पूर्ण दिसायला डोळा आयपीसपासून जितका लांब ठेवायचा ते अंतर) ५० मिमी, दुसऱ्यात ९० मिमी. चष्मेवाल्याला हा फरक खरंच जाणवतो की नुसता कागदावरचा?

४. चष्मा काढून पाहिलं तर मधला लाल ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा फराटा दिसतो. यंत्र खराब की डोळा?

५. दिवसाच्या स्कोपला मागून किंवा पुढून जोडायची डिजिटल जोडणी येते, त्यात चष्मेवाल्याची सोय जास्त होते का?

भिंगवाला

पहिला प्रश्न सोपा आहे, पण गोंधळ बहुतेकांचा तिथेच होतो. डिस्प्ले जवळ असला तरी डोळा त्याच्याकडे जवळून बघत नाही. मधलं आयपीसचं भिंग त्या चिमुकल्या पडद्याची प्रतिमा लांब नेऊन ठेवतं. डायॉप्टर शून्यावर असेल तर ती जवळजवळ अनंतावर असते. म्हणजे लागतो लांबचा नंबर. वाचायचा चष्मा लावून स्कोपमध्ये बघितलं तर सगळं धुरकट दिसणार. चाळिशीनंतरच्या डोळ्याला पडदा वाचायला जवळच्या नंबराची गरज पडत नाही, हा डिजिटल स्कोपचा मोठा फायदा. बटणांवरची चिन्हं आणि मोबाइलवरचं ॲप यांना मात्र जवळचा नंबर लागेलच.

आता ±५. इथे दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा अंतराचा. चष्म्याची काच डोळ्यापासून १२ ते १४ मिमीवर असते, आयपीस ५० मिमीवर. मायनस नंबराचं भिंग डोळ्यापासून जितकं लांब, तितकी त्याची ताकद जास्त लागते. तुमचा सरासरी नंबर काढू: स्फेरिकल अधिक सिलिंडरचा निम्मा, म्हणजे −४.२५ आणि −०.६२, साधारण −४.८७. चष्म्याच्या जागेपासून तुमचा दूरबिंदू (चष्म्याशिवाय स्पष्ट दिसण्याची शेवटची हद्द) २०५ मिमीवर येतो. आयपीस चष्म्याच्या ३७ मिमी पुढे आहे, ते वजा केले की उरतात १६८ मिमी. एक मीटर भागिले १६८ मिमी म्हणजे जवळपास −६. ±५ चा आयपीस तुम्हाला पुरतच नाही. ९० मिमीवर हाच हिशोब −७.८ च्या घरात जातो. प्लस नंबरवाल्यांचं उलटं: +३ वाल्याला ५० मिमीवर +२.७ पुरतात. हा हिशोब अंदाजाचा धरा, पण मायनसवाल्याने खोक्यावरचा आकडा आपल्या नंबराइतका आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. −३ पर्यंत अर्धा ते एक डायॉप्टर शिल्लक हवा, −४ च्या पुढे त्याहून जास्त.

दुसरा खड्डा सिलिंडरचा, आणि तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोच आहे. आयपीसची कडी फिरवून फक्त स्फेरिकल नंबर भरून निघतो. सिलिंडर कुठलाच स्कोप भरून काढत नाही. अक्ष ९० असेल तर चष्म्याशिवाय कडी प्लसकडून मायनसकडे नेताना रेटिकलची (नेमाच्या खुणेची) आडवी रेघ आधी स्पष्ट होते आणि उभी त्यानंतर. दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. मध्ये कुठेतरी थांबलात की ठिपक्याचा फराटा होतो. तुमच्या बाबतीत कडी संपेपर्यंत आडवी रेघ जेमतेम जमेल, उभी नाहीच.

यंत्र की डोळा हे ठरवायची खात्रीची पद्धत: ठिपक्याकडे बघत यंत्र स्थिर ठेवा आणि डोकं हळूहळू एका खांद्याकडे कलवा. फराटा डोक्याबरोबर फिरला तर डोळा, पडद्याबरोबर जागेवर राहिला तर यंत्र. दुसरी: जाड कागदाला सुईने एक-दीड मिमीचं भोक पाडून त्यातून बघा. ठिपका गोल झाला तर दोष नंबराचा. तिसरी: स्कोप रेटिकलसह रेकॉर्डिंग करत असेल तर तो व्हिडिओ मोबाइलवर पाहा. तिथे ठिपका स्वच्छ असेल तर यंत्राला दोष देऊ नका.

माझा ठोकताळा असा. सिलिंडर ०.५० पर्यंत आणि स्फेरिकल −३ ते +३ मध्ये असेल तर आयपीसवर भागतं. ०.७५ ला कुरकुर सुरू होते. १.०० च्या वर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच बघायचं, आणि मग खरेदी आय रिलीफ बघून करायची, डायॉप्टर बघून नाही. तुम्ही या शेवटच्या गटात.

गालपट्टी

भिंगवाल्यांच्या हिशोबाला धरूनच बोलतो, पण बंदुकीच्या बाजूने.

कागदावरचा आय रिलीफ आयपीसच्या शेवटच्या काचेपासून मोजलेला असतो. ती काच बरेचदा धातूच्या कडेपासून पाच-सहा मिमी आत बसवलेली असते. ५० मधून ते ६ वजा करा. चष्म्याची काच आणि डोळ्यापासूनचं तिचं अंतर मिळून १५ वजा करा. उरले २९ मिमी. हलक्या .३०८ चा धक्का बसल्यावर स्कोपची कडा आणि तुमची काच यांच्यात एवढीच जागा. उभं राहून खांदा घट्ट असेल तर कदाचित निभेल. पोटावर झोपून, खांदा मागे सरकायला जागा नसताना आणि मान पुढे ताणलेली असताना निभणार नाही. वर चढाच्या दिशेने मारताना तर डोकं आपसूक पुढे जातं. ९० मिमीत हेच अंतर ६९ मिमी होतं. धक्का नगण्य असलेल्या .२२ रिमफायरवर ५० मिमी बिनधास्त घ्या.

दोन माहितीतली उदाहरणं: पल्सर डायजेक्सचा आय रिलीफ ५० मिमी आहे, एटीएन एक्स-साइट ४के प्रोचा ९० मिमी. म्हणजे बाजारात दोन्ही पठडीतलं मिळतं. हे कुठल्या कंपनीची शिफारस म्हणून वाचू नका.

आता लांब आय रिलीफची किंमत. आयपीसची काच ३० मिमी रुंद धरली तर ५० मिमीवरून ती डोळ्याला सुमारे ३३ अंशांत दिसते, ९० मिमीवरून सुमारे १९ अंशांत. पडद्यावरचं चित्र याहून मोठं दिसूच शकत नाही. म्हणजे ९० मिमीच्या स्कोपमध्ये पडदा छोट्या खिडकीसारखा लांब वाटतो, मेन्यूची अक्षरं बारीक दिसतात, आणि पल्ल्यावरचा प्राणी नक्की कोणता हे ओळखायला जास्त वेळ लागतो. म्हणून लांब आय रिलीफ घ्यायचा ठरलं की आयपीसची काच रुंद आहे का, रेटिकलची जाडी वाढवता येते का, मेन्यूची अक्षरं मोठी आहेत का, हे दुकानातच तपासा.

आणखी एक. चष्मा लावला की डोळा मागे जातो आणि पडद्याचे कोपरे कापले जातात. बॅटरीचं चिन्ह, घड्याळ, प्रोफाइलचं नाव कोपऱ्यांतच असतात. आधी ते गायब होतात. निशाण्याला त्याने फरक पडत नाही, कारण डिजिटल स्कोपमध्ये रेटिकल आणि दृश्य एकाच पडद्यावर एकाच प्रतलात असतात. डोळा थोडा डावी-उजवीकडे किंवा मागे गेला तरी रेटिकल लक्ष्यावरून सरकत नाही. काचेच्या स्कोपमधला पॅरलॅक्स (डोळा हलला की खूण लक्ष्यावरून सरकणं) इथे नाही. चष्मेवाल्यासाठी ही फार मोठी सवलत आहे. डोकं दर वेळी मिलिमीटरभरही न हलता त्याच जागी यायलाच हवं असा हट्ट नको. चष्मा बदलला, कॉन्टॅक्ट लेन्स घातली, तरी झिरो (नेम आणि गोळी यांची जुळवणी) हलत नाही, याचंही कारण हेच.

माउंटचं: शक्यतो ३० मिमी नळीचा, रिंगांत बसणारा घ्या. रिंगा सैल करून नळी पुढे-मागे करता येते, मिलिमीटरने जुळवता येते. बूड थेट पिकॅटिनी पट्टीवर (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर) बसणारं असेल तर तो खाचेच्या हिशोबानेच सरकणार. खाच ते खाच अंतर साधारण १० मिमी. चष्मेवाल्याला बरेचदा मधलीच जागा हवी असते. आणि जुळवणी करताना अंगात तेच जाड जॅकेट असू द्या जे रात्री असणार आहे. सदऱ्यावर जुळवलेला स्कोप जॅकेटवर डोळ्यापासून लांब जातो.

काजवा

−४ च्या वर सिलिंडरसह नंबर असेल तर चष्म्याची कटकटच कशाला? टोरिक (सिलिंडरही भरून काढणारी) कॉन्टॅक्ट लेन्स घाला. रबरी कप डोळ्याला पूर्ण टेकतो, उजेड बाहेर सांडत नाही, वाफ धरत नाही, ५० मिमीचा मोठा पडदा पूर्ण दिसतो. चेहऱ्यावर पडणारा पडद्याचा उजेड हा वेगळा विषय आहे. चष्मा असला की कप आणि गाल यांत फट राहते, काच चकाकते, आणि समोरून बघणाऱ्या जनावराला अंधारात उजळलेलं तोंड दिसतं.

बाकी, दुकानात स्कोप पारखताना तिथल्या उजेडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुकानाच्या लख्ख उजेडात बाहुली बारीक असते आणि बारीक बाहुलीला नंबराचे दोष झाकले जातात. बाहुली २.५ मिमीवरून ५ मिमी झाली की त्याच नंबरातला धूसरपणाचा डाग दुप्पट मोठा होतो. त्यामुळे दुकानात झकास दिसणारं आयपीस रात्री रानात मऊ वाटतं. खोलीचे दिवे घालवून, पाच-दहा मिनिटं थांबून, पडद्याचा प्रकाश सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर आणून मगच निर्णय घ्या.

पडद्याचा प्रकाश वाढवला की चित्र धारदार दिसतं हे खरं, कारण बाहुली आकसते. पण डोळा अंधाराला पुन्हा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात. स्कोपवरून मान वर केली की पायाखालचं काही दिसत नाही. प्रकाश कमीच ठेवा.

भिंगवाला

कॉन्टॅक्ट लेन्सचा मुद्दा बरोबर, पण दोन पुरवण्या. पडद्याकडे टक लावताना पापणी कमी लवते, थंड वाऱ्यात लेन्स सुकते आणि चित्र येत-जात राहतं. शिवाय टोरिक लेन्स डोळ्यात फिरली की अक्ष चुकतो. अक्ष ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर भरून निघण्याचा सगळा फायदा गेला, उरलेला दोष मूळ सिलिंडरइतकाच. लेन्स चांगली बसत असेल त्याने जरूर वापरावी. मोनोव्हिजनच्या लेन्स असतील, म्हणजे एक डोळा लांबचा आणि एक जवळचा, तर नेमाचा डोळा लांबचा हवा. निदान आयपीस त्या डोळ्यानुसार लावलेला हवा.

दुसरी पुरवणी सुरक्षिततेची. ब्लॅक पावडर असो की आधुनिक काडतूस, फुटलेल्या काडतुसाच्या कवचातून मागे येणारा वायू आणि कण अडवायला डोळ्यापुढे काही तरी हवं. कॉन्टॅक्ट लेन्स ते करत नाही. लेन्सवर बिननंबरी संरक्षक चष्मा चढवला की रबरी कप टेकण्याचा फायदा गेला, म्हणजे पुन्हा आय रिलीफचाच प्रश्न.

चष्मा काढून बसण्याचा विचार करणाऱ्या कमी नंबरवाल्यांनाही हेच. −२.५० वाल्याचा दूरबिंदू ४० सेंटीमीटरवर असतो. स्कोपमध्ये त्याला सगळं लख्ख दिसेल, पण दुसऱ्या डोळ्याला पुढची पायवाट, बाजूचा साथीदार, लक्ष्यामागे काय आहे, यातलं काहीच दिसणार नाही. चष्मा खिशात ठेवून गोळी झाडणं हे प्रकाशशास्त्राला मंजूर असलं तरी मला नाही.

रातवा

बरंच स्पष्ट झालं. म्हणजे चष्मा घालूनच आणि ९० मिमीच्या आसपास. आता दोन गोष्टी राहिल्या. प्रोग्रेसिव्ह चालेल की वेगळा चष्मा करून घेऊ? आणि आयपीस, पुढचं भिंग, रात्रीची टॉर्च यांचा फोकस कुठल्या क्रमाने लावायचा? चित्र धूसर झालं की नेमकी कुठली कडी फिरवायची तेच कळत नाही.

भिंगवाला

आधी क्रम. रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग:

पडद्याचा प्रकाश रात्रीच्या पातळीवर आणा. पुढचं झाकण लावलेलं राहू द्या, म्हणजे दृश्याने लक्ष विचलित होत नाही. मेन्यू उघडा. आयपीसची कडी पूर्ण प्लसकडे न्या, अक्षरं धुरकट होतील. आता हळूहळू मायनसकडे आणा आणि अक्षरं पहिल्यांदा तीक्ष्ण दिसली की तिथेच थांबा. पुढे नेऊ नका. त्यापुढेही अक्षरं तीक्ष्ण राहतात, पण ती डोळ्याचे स्नायू ताणून राखलेली असतात. अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं ते यामुळेच. तरुण डोळ्यांना हे सांगून पटत नाही. चष्मा घालून लावत असाल तर कडी शून्याच्या आसपासच थांबायला हवी. फार लांब थांबली तर चष्म्याचा नंबर जुना झालाय किंवा तुम्ही प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागातून बघताय. कडी आणि नळीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. इथून पुढे ही कडी विसरायची.

मग झाकण काढा आणि पुढच्या भिंगाचा फोकस लावा. कडा ठळक असलेलं काही तरी घ्या: खांब, फाटक, फांदी. ५० मिमी एफ/१.२ सारख्या उघड्या भिंगाला फोकसची खोली कमी असते, त्यामुळे ५० मीटरवरून २०० मीटरवर गेलात की ही कडी पुन्हा फिरवावीच लागते. आयआर चालू केल्यावरही पुन्हा. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश साध्या भिंगातून दिसणाऱ्या प्रकाशाच्या जागी फोकस होत नाही, थोडा मागे होतो. दिवसा लावलेला फोकस रात्री मऊ वाटतो तो यामुळे, आणि नवखा माणूस नेमकी आयपीसची कडी पकडतो. एकदा दोन्ही कड्या एकमेकींची चूक झाकायला लागल्या की मग कशालाच धार येत नाही.

धूसर दिसलं की असं ओळखा. चिन्हं-अक्षरं तीक्ष्ण पण दृश्य मऊ: पुढचं भिंग. दोन्ही मऊ: आयपीस, चष्मा किंवा वाफ, आणि यात वाफ आधी तपासा. अक्षरांच्या उभ्या रेघा तीक्ष्ण आणि आडव्या मऊ, किंवा उलट: सिलिंडर, म्हणजे चष्म्यातून वाकडं बघताय. सगळं तीक्ष्ण पण दृश्यात चौकोनी ठोकळे: डिजिटल झूम जास्त झालाय, कुठलीही कडी फिरवून ते जाणार नाही. दृश्यावर पांढरा पडदा: आयआरचा उजेड जवळच्या गवतावरून किंवा धुक्यावरून परत येतोय, टॉर्चचा झोत बारीक करा आणि ताकद कमी करा. आयआर टॉर्चच्या तोंडात मात्र जवळून डोकावू नका. तो उजेड दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

आता चष्मा. प्रोग्रेसिव्हवर चालतं, कारण दस्त्यावर गाल टेकला की डोळा काचेच्या वरच्या भागातून बघतो आणि तिथे लांबचाच नंबर असतो. अडचण वेगळीच आहे: तुम्ही काचेच्या मध्यातून बघत नाही, वर आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून, तेही तिरकं बघता. −५ ची काच २० अंश तिरकी पडली तर त्यातून साधारण ०.६५ सिलिंडर नव्याने तयार होतो, चष्म्यात तो नसला तरी. १० अंशांवर हाच आकडा ०.१५ च्या आसपास, म्हणजे नगण्य. त्यामुळे नंबर तंतोतंत असूनही ठिपका लांबट दिसू शकतो. उपाय दोन: मान सरळ येईल अशी गालपट्टी (दस्त्यावरचा गाल टेकायचा भाग) उंच करणं, आणि वेगळा चष्मा.

वेगळा चष्मा करायचा असेल तर चष्मेवाल्याला हे सांगा. एकच नंबर, फक्त लांबचा. काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स (दोन्ही सहज न फुटणारी प्लास्टिकं), आणि चौकटीसकट अमेरिकेतल्या एएनएसआय झेड८७.१ किंवा युरोपातल्या ईएन १६६ (नव्या रूपात ईएन आयएसओ १६३२१) या सुरक्षा मानकाची. साधी काच नकोच. चौकटीची वरची कड उंच किंवा कडच नसलेली. काच डोळ्याच्या जितकी जवळ बसेल तितकी उत्तम, पापणी घासू नये एवढंच बघा. दोन्ही बाजूंना प्रतिबिंब रोखणारा लेप हवा, कारण मागून येणारा चंद्राचा किंवा टॉर्चचा उजेड काचेच्या आतल्या बाजूवरून थेट डोळ्यात येतो.

आणि महत्त्वाचं: सध्याच्या चष्म्यावर, रिकामी रायफल खांद्याला लावून, ज्या जागेतून तुम्ही बघता तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा. चष्मेवाल्याला नव्या काचेचा प्रकाशीय मध्य त्या खुणेवर आणायला सांगा. पण मग हा चष्मा फक्त नेमापुरता. एका डोळ्याची काच अशी वर सरकवलेली असताना सरळ बघितलं की दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. चालताना-चढताना नेहमीचाच चष्मा लावा.

ट्रायव्हेक्स आणि पॉलिकार्बोनेट यांत निवड असेल तर मोठ्या नंबराला ट्रायव्हेक्स. पॉलिकार्बोनेटचा ॲबे अंक ३० च्या आसपास, ट्रायव्हेक्सचा ४३ ते ४५. अंक कमी म्हणजे काचेच्या कडेतून बघताना पांढऱ्या रेघांना निळी-पिवळी झालर जास्त. झालर छळत असेल तर पडद्याचा रंग पांढऱ्याऐवजी हिरवा किंवा लाल करा. एकाच रंगाला झालर जवळपास उरत नाही. लालमध्ये अंधाराची सवयही टिकते.

गालपट्टी

पाचवा प्रश्न राहिलाच.

मागून जोडायची जोडणी दिवसाच्या स्कोपच्या आयपीसमागे बसते, त्यामुळे डोळा आणखी मागे ढकलला जातो. तिचा स्वतःचा आय रिलीफ बहुधा तोकडा. हलक्या .३०८ वर चष्म्यासकट ही जोडी मला पसंत नाही. त्यातल्या काहींना आयपीसच नसतो, उघडा पडदा असतो. तिथे पडदा खरोखरच जवळ असतो, म्हणून ॲड लागतो. तुमच्या +१.७५ ला पडदा अर्ध्या मीटरच्या आत आला तर प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागातून बघायला मान मागे टाकावी लागेल, आणि तशी मान टाकून गाल दस्त्यावर टेकत नाही.

पुढून जोडायची जोडणी चष्मेवाल्यासाठी जास्त सुखाची. तुमचा दिवसाचा स्कोप, त्याचा साधारण ९० मिमीचा आय रिलीफ, तुमची बसलेली गालाची सवय, सगळं तसंच राहतं. पण दिवसाच्या स्कोपचा झूम ४-६ पटीच्या वर नेला की पुढच्या छोट्या पडद्याचे ठिपके सुटे दिसायला लागतात. जोडणी दर वेळी त्याच कोनात बसली नाही तर गोळी सरकते, त्यामुळे प्रत्येक जोडणीनंतर एक-दोन फैरी कागदावर झाडून बघायच्या. आणि इथे रेटिकल काचेच्या स्कोपमधलं असतं, म्हणजे मी वर सांगितलेली पॅरलॅक्सची सवलतही गेली.

वाफेबद्दल: रबरी कप चष्म्याला टेकवून बसू नका. आत दमट हवा कोंडते आणि चष्मा व आयपीस दोन्ही एकदम धूसर होतात. शिवाय धक्क्याच्या वेळी कपची कड चष्मा नाकावर दाबते आणि धुळीने काचेवर चरे उमटतात. कप उलटा दुमडा, किंवा त्याला खालच्या बाजूला दोन छेद द्या म्हणजे हवा खेळती राहील. उजेड सांडतो त्याला कप दाबून बसवण्यापेक्षा पडद्याचा प्रकाश कमी करणं हाच चांगला उपाय. तोंडावरचा रुमाल नाकाच्या वर घट्ट असेल तर श्वास थेट काचेवर चढतो, तो नाकाच्या खाली ठेवा. वाफ न धरणारा द्रव चष्म्याला लावा, आयपीसच्या काचेला लावू नका.

काजवा

फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या) काचवाल्यांसाठी एक ओळ: तिन्हीसांजेला उन्हातून आलेली काच लगेच पांढरी होत नाही, आणि थंडीत तर आणखी वेळ घेते. संधिप्रकाशात नेम धरणाऱ्याने साधी काच घ्यावी. आणि दिवसा तोच डिजिटल स्कोप वापरताना पोलराइज्ड गॉगल लावलात तर काही प्रकारच्या पडद्यांवर डोकं कलवलं की चित्र काळं पडतं. स्कोप बिघडला समजून परत पाठवायच्या आधी गॉगल काढून बघा.

रातवा

पोलराइज्ड गॉगलवाल्यांपैकीच मी. कागदी भोकाची आणि डोकं कलवायची, दोन्ही चाचण्या केल्या: फराटा डोक्याबरोबर फिरतो, भोकातून ठिपका गोल. आता ९० मिमीवाल्यांमध्ये आयपीसची काच कुणाची किती रुंद ते मोजपट्टी घेऊन बघतो.

गालपट्टी

मोजपट्टी नेताय तर आणखी एक माप घ्या. चष्मा घालून, गाल टेकवून, पडद्याचे चारही कोपरे जेमतेम दिसतील इथवर डोकं मागे न्या आणि धातूच्या कडेपासून चष्म्याच्या काचेपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. .३०८ वर ते ६० मिमीच्या खाली आलं तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, तो स्कोप ठेवून पुढचा बघा.